दीर्घकाळची चिंता आणि पुरुषांचे शरीरस्वास्थ्य

(यवतमाळ जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिंतेचा विषय निघाला की चिता आणि चिंता यांतील एका अनुस्वाराचा फरक सांगणाऱ्या सुभाषिताची आठवण हटकून काढली जाते. सुभाषित सुंदर आहे, पण त्याने एक नुकसानही केले आहे. चिंता माणसाला जाळते हे इतके परिचित झाले की, ती शरीरातील नेमके काय जाळते, कोणत्या मार्गाने जाळते आणि ते जळणे थांबविता येते काय, हे प्रश्न विचारण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. या भाषणाचा विषय तोच आहे. त्यातही पुरुषांचे शरीर, आणि त्यातही यवतमाळ जिल्ह्यातील पुरुष.

पुरुषच का, असे कोणी विचारील. स्त्रियांची चिंता कमी असते असे मुळीच नाही. कर्त्या पुरुषाच्या मागे शेत, कर्ज आणि लेकरे यांचा भार एकटीने वाहणाऱ्या स्त्रिया या जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. परंतु आजाराची वाट दोघांची वेगळी आहे. स्त्री निदान शेजारणीजवळ बोलते, आरोग्यसेविकेला भेटते, बाळंतपणाच्या आणि लसीकरणाच्या निमित्ताने तिची नोंद कोठे तरी होत असते. पुरुष नोंदीत येतो तो बहुधा उशिरा. आशा कार्यकर्ती दिवसा घरी जाते तेव्हा तो वावरात असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि डवरणीची किंवा वेचणीची वेळ एकच पडते. एखाद्या संध्याकाळी भेट झालीच, तर संवाद ठरलेला असतो. "भाऊ, तब्येत कशी आहे?" "काही नाही ताई, बरं आहे. जरासा थकवा वाटते." एवढ्यावर विषय संपतो. त्या "जरासा थकवा" या दोन शब्दांत किती वर्षांची झोपमोड भरलेली आहे, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यांत दर शंभरांमागे सुमारे ७२ पुरुष आहेत. हा झाला टोकाचा आकडा. त्या टोकाला न पोहोचता, पन्नाशीच्या आतबाहेर रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा पक्षाघाताने जे पुरुष खचतात, त्यांच्या आजाराच्या कागदावर चिंता हा शब्द कधीच लिहिला जात नाही.

चिंतेचे पंचांग

यवतमाळ हा कोरडवाहू कापसाचा जिल्हा. पऱ्हाटी, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन ही येथील मुख्य पिके. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील रुई इंग्लंडला मिळेनाशी झाली आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच ते ओसरले. तेव्हापासून येथील कास्तकाराच्या घरातील सुखदुःख हे त्याने कधी न पाहिलेल्या बाजारपेठेशी बांधले गेले आहे. पीक पांढरे सोने म्हणून ओळखले जाते, पण सोने घरात येईपर्यंतचा रस्ता मोठा अनिश्चित आहे.

कल्पना करावी की राळेगाव किंवा घाटंजीकडील पाच एकरांचा एक कास्तकार आहे. मार्च अखेर सोसायटीच्या कर्जाचा भरणा असतो. भरला नाही तर नवे पीककर्ज मिळत नाही, आणि भरावा तर उसनवारी करावी लागते. मे महिन्यात बियाण्याची तजवीज. मृग लागला की आभाळाकडे डोळे. पेरणी साधली तरी पाऊस पंधरा दिवस दडी मारील काय आणि दुबार पेरणी करावी लागेल काय, ही धास्ती. श्रावणात तण आणि फवारणी. भाद्रपदात बोंडअळी, २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केले, ते या जिल्ह्यातील कोणालाही सांगण्याची आवश्यकता नाही. दिवाळीच्या सुमारास वेचणी, वेचणारांची टंचाई, मग भाव. मग गाडी घेऊन रांग. मग चुकाऱ्याची वाट. उलंगवाडी होते तोवर पुन्हा मार्च आलेला असतो. या चक्रात मुलीचे लग्न, मुलाची शाळा आणि म्हाताऱ्या वडिलांचे औषधपाणी आलेच नाही. ते वेगळे धरावे.

पूर्वीच्या पिढ्यांनाही हे सारे होतेच, मग आताच एवढा गाजावाजा का, असाही आक्षेप ऐकू येतो. त्यात थोडे तथ्य आहे. फरक इतकाच की, पूर्वी शेतीचा पुष्कळसा खर्च घरच्या बियाण्यात आणि घरच्या शेणखतात भागत असे. आज पेरणीपूर्वीच रोख रक्कम मातीत घालावी लागते. पैसा आधी जातो, पीक नंतर येते, आणि मधल्या महिन्यांत माणूस टांगलेला राहतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हा टांगलेला काळ.

शरीरात काय घडते

अंधारात पायाशी साप सळसळला तर माणूस विचार करण्यापूर्वीच उडी मारतो. त्या क्षणी मूत्रपिंडांच्या टोकावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, यकृत साठविलेली साखर मोकळी करते, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ही यंत्रणा उलगडून दाखविली. पाठोपाठ मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथी यांच्या आज्ञेवरून कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक स्रवते. ते ही सज्जता टिकवून धरते. साप निघून गेला की अर्ध्या-एक तासात सारे पूर्ववत होते. ही यंत्रणा नसती तर मनुष्यजात टिकली नसती.

अडचण अशी की, सोसायटीची नोटीस ही सापासारखी निघून जात नाही. ती खिशात राहते. शरीराला मात्र नोटीस आणि साप यांतील भेद कळत नाही. त्याच्याजवळ संकटासाठी एकच तयारी आहे आणि ती तो दोन्ही प्रसंगी वापरतो. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखविले की, त्रास कोणत्याही प्रकारचा असो, तो दीर्घकाळ चालला तर प्राण्याच्या शरीरात एकाच साच्याचे बदल होतात आणि अखेरीस शरीराची प्रतिकाराची शक्ती संपुष्टात येते. पुढे ब्रूस मॅक्युएन यांनी १९९३ मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली. बैलगाडीचा आखा जसा एका खड्ड्याने मोडत नाही, पण रोजच्या ओझ्याने झिजून एखाद्या साध्याच खड्ड्यात मोडतो, तसे हे आहे. लोक मग त्या शेवटच्या खड्ड्याला दोष देतात.

झीज कोठे होते ते पाहावे. प्रथम रक्तवाहिन्या. रक्तदाब पुन्हा पुन्हा चढत राहिला की वाहिन्यांच्या भिंती जाड आणि कठीण होतात, हृदयाचे काम वाढते. दुसरे, साखर. कॉर्टिसॉल सतत अधिक राहिले तर इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, पोटाच्या आतील भागात चरबी साचते. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, असे चाळिशीतील पुरुष गावोगाव दिसतात, ते सगळे सुखाने सुटलेले नसतात. तिसरे, झोप. निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल पहाटे वाढते आणि रात्री उतरते. चिंताग्रस्ताचा हा उतार बिघडतो, म्हणून तो दिवसभर राबून दमतो तरी रात्री दोन वाजता टक्क जागा असतो. मान, खांदे आणि कंबर यांचे स्नायू कायम आवळलेले राहतात. डोके जड राहते. जखम भरण्यास आणि सर्दीपडशाला तोंड देण्यास शरीर कमी पडते.

हे केवळ तर्क नव्हेत. अमेरिकेतील बोस्टन परिसरात १,५६१ पुरुषांचा एक दीर्घ अभ्यास झाला. १९७५ मध्ये, म्हणजे ते सरासरी ५३ वर्षांचे असताना, त्यांना चिंतेविषयी प्रश्न विचारण्यात आले आणि नंतर अनेक वर्षे ठराविक अंतराने त्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, साखर इत्यादी सात गोष्टी तपासल्या गेल्या. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अधिक चिंता करणाऱ्या पुरुषांत या सातांपैकी सहा किंवा अधिक गोष्टी धोक्याच्या पातळीवर जाण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी अधिक आढळली. आकडा लहान वाटेल. परंतु स्वभावतः चिंताक्रांत असलेल्या पुरुषांचे शरीर मध्यमवयातच इतरांपेक्षा अधिक धोक्याच्या खुणा दाखवीत होते आणि ते अंतर पुढे म्हातारपणापर्यंत कायम राहिले, ही त्यातील खरी गोष्ट. चिंतेची झीज साठीनंतर सुरू होत नाही. ती तिशी-चाळिशीत, सर्व काही ठीक दिसत असतानाच चालू असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत २० अभ्यासांतील सुमारे अडीच लाख, आरंभी निरोगी असलेल्या व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. त्यांतील चिंताग्रस्तांना पुढे हृदयविकार होण्याचा धोका २६ टक्क्यांनी अधिक होता. भारतासह ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या पाहणीतही तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांच्या पंक्तीला मानसिक ताणाचे स्थान आढळले. ही सारी माणसे कापूस पिकविणारी नव्हती हे खरे. पण शरीराची रचना सर्वत्र एकच आहे.

पोटासंबंधी एक खुलासा येथे केला पाहिजे. चिंतेने जठरात व्रण होतात असे पुष्कळ वर्षे मानले जात असे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांनी बहुतेक व्रणांमागे एक जीवाणू असल्याचे शोधून काढले आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा पोटात सतत जळजळ होणाऱ्या माणसाला "चिंता सोड" एवढेच सांगून परत पाठविणे हा अन्याय आहे; त्याला तपासणीची आणि बहुधा औषधाची गरज आहे. मात्र भूक मरणे, पोट फुगणे, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, अशा ज्या तक्रारींत तपासणीअंती काहीच सापडत नाही, त्यांत चिंतेचा वाटा खरोखरच मोठा असतो.

न बोलली जाणारी तक्रार

पुरुषांच्या बाबतीत एक तक्रार अशी आहे की, ती डॉक्टरांपर्यंत सहसा येतच नाही. ती येते एसटी स्थानकाच्या भिंतीवरील जाहिरातींपर्यंत आणि तेथून तंबूतल्या वैद्याकडे. दीर्घ चिंतेने कामेच्छा मंदावते आणि लैंगिक दुर्बलता येते. तरुणांत "धातू जाते, म्हणून अशक्तपणा आला" ही समजूत तर फार जुनी आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या तक्रारीला वैद्यकीय नाव दिले. अशा रुग्णांची शरीरतपासणी बहुधा निर्दोष असते. त्यांच्या मुळाशी चिंता, उदासीनता आणि अज्ञान असते. हजारो रुपयांची चूर्णे आणि तेले घेऊन चिंता कमी होत नाही, उलट कर्जात भर पडते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. चाळिशीनंतर नव्याने उद्भवलेली दुर्बलता ही कित्येकदा मधुमेहाची किंवा आकुंचित होत चाललेल्या रक्तवाहिन्यांची पहिली सूचना असते, हृदयविकाराच्या काही वर्षे आधी मिळालेली. लाजेपायी ती सूचना वाया जाते.

खर्रा, बाटली आणि गोळी

चिंता उतरविण्याचे तीन स्वस्त उपाय जिल्ह्याच्या कोणत्याही गावात मिळतात. पहिला पानठेल्यावर. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तोंडात धरला की क्षणभर बरे वाटते. ते बरे वाटणे खरे असते, कारण मागील खर्ऱ्याची तलफ शमलेली असते. पण तंबाखूतील निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतेच, म्हणजे जे काम चिंता करीत होती त्याच कामाला तो हातभार लावतो. शिवाय तोंडाचा कर्करोग. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील ३५.५ टक्के प्रौढ पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होते. दुसरा उपाय दारू. ती झोप लागल्यासारखे करते, पण मध्यरात्रीनंतरची झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीची अस्वस्थता वाढविते. तिसरा उपाय शिकलेल्या लोकांत अधिक, म्हणून तो अधिक सभ्य समजला जातो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेली झोपेची गोळी. पहिला महिना ती काम करते. नंतर तिच्यावाचून झोप येत नाही आणि एकाएकी बंद केली तर हातपाय कापू लागतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठराविक मुदतीसाठी घेतलेले औषध वेगळे आणि हे वेगळे.

व्यसनी माणसाला गावात उपदेश पुष्कळ मिळतो. तो खर्रा कशासाठी खातो, हे त्याला क्वचितच विचारले जाते.

या जिल्ह्याला लागू पडणारी आणखी एक सावधगिरी आहे. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात येथे कीटकनाशकांच्या विषबाधेने शेकडो शेतकरी-शेतमजुरांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. अशा विषबाधेच्या आरंभी दरदरून घाम, डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुकपणा, स्नायूंचा थरकाप, बेचैनी ही लक्षणे दिसतात. त्यांतील निम्मी चिंतेच्या लक्षणांसारखीच आहेत. तेव्हा जुलै ते नोव्हेंबर या काळात फवारणी करून आलेला माणूस घाबरा झाला, तर त्याला धीर देत बसू नये. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाच्या डब्यासह त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे. छातीत दाटून येणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, याही गोष्टी "मनाचे खेळ" म्हणून घरी ठेवायच्या नाहीत. आधी हृदयाचा आलेख, मग चिंतेची चर्चा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे.

टेबलाच्या दोन्ही बाजू

येथवरचे वर्णन ऐकून, हे शेतकऱ्यांचे झाले, आम्हा नोकरदारांचे बरे चालले आहे, असे वाटण्याचा संभव आहे. लंडनमधील व्हाइटहॉल या सरकारी कचेऱ्यांच्या वस्तीत १९६७ पासून सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. सर्वांना कायम नोकरी, पगार वेळेवर, उपाशी कोणी नाही. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-द्वारपालांचा मृत्युदर सर्वोच्च श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळला. धूम्रपान, रक्तदाब इत्यादींचा हिशेब वजा केला तरी फरक पुरता पुसला गेला नाही. पुढील संशोधनात असे दिसले की, ज्याच्यावर कामाचा बोजा आहे पण त्या कामाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार नाही, त्याच्या हृदयाला धोका अधिक. वरून लक्ष्य, खालून तक्रार आणि मध्ये ग्रामसेवक, लिपिक किंवा चार वर्ग एकटा सांभाळणारा शिक्षक, हे चित्र लंडनचे वाटत नाही.

याच संदर्भात एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. जे वाइस या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपटीला विजेचे हलके धक्के दिले. दोन उंदरांना धक्के सारखेच, तितकेच आणि त्याच क्षणी. फरक एवढाच की, एकाला धक्क्यापूर्वी काही क्षण शिट्टी ऐकू येई. दुसऱ्याला शिट्टी कधीही, धक्क्याशी संबंध नसताना ऐकू येई. ज्याला पूर्वसूचना मिळत होती त्याच्या जठरात व्रण फारच थोडे झाले. ज्याला कधी काय होईल याचा अंदाज नव्हता त्याच्या जठराची चाळण झाली. वेदना समान होती. अनिश्चितता समान नव्हती. धक्का थांबविण्यासाठी चाक फिरविण्याची सोय ज्या उंदराला दिली, त्याचे जठर तर आणखी सुरक्षित राहिले.

माणूस उंदीर नव्हे, हे मान्य. पण कचेरीच्या टेबलावर जे अधिकारी बसतात, त्यांनी हा प्रयोग विसरू नये. पंचनामा झाला, यादी वर गेली, आता पैसे कधी येतील याचे उत्तर "येतील तेव्हा येतील" असे दिले गेले की, तो शिट्टीविना धक्का होतो. चुकारा तीन आठवड्यांनी मिळणार असेल तर तीन आठवड्यांनी मिळेल असे स्पष्ट सांगावे. अर्ज नामंजूर झाला असेल तर नामंजूर झाला असे, कारणासह आणि पुढे कोठे दाद मागावी त्यासह, लेखी कळवावे. कर्जमाफीच्या यादीत नाव आहे किंवा नाही, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळेवर लागले तर कित्येक घरांतील पुरुष त्या रात्री झोपतील. नाव नसले तरीसुद्धा, कारण वाईट बातमीशी जुळवून घेता येते, टांगणीशी घेता येत नाही. यासाठी वेगळा निधी लागत नाही. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, हाती पैसा नसताना, कापणीपूर्वी, तोच शेतकरी बुद्धीच्या चाचण्यांत कापणीनंतरच्यापेक्षा कमी गुण मिळवितो. तो मंदबुद्धी नसतो. त्याचे अर्धे डोके हिशेबात अडकलेले असते. तेव्हा खिडकीवर आलेल्या कास्तकाराला एखादा कागद दोनदा समजावून सांगावा लागला, तर त्याचा राग धरण्याचे कारण नाही.

काय केले गेले, काय करता येईल

प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६ मध्ये महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबाचा अंत झाला, तेव्हा हा प्रश्न राज्यापुढे आला. २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान प्रायोगिक स्वरूपात यवतमाळ आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोनच जिल्ह्यांत सुरू झाले. आरोग्य विभागाच्या प्रेरणा प्रकल्पात १४ जिल्ह्यांतील आशा कार्यकर्तींवर तणावग्रस्त शेतकरी ओळखण्याचे काम सोपविण्यात आले. योजनांचे यश किती, यावर मतभेद आहेत, आणि कागदावरील समित्या कागदावरच राहिल्याची उदाहरणे आहेत.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेला एक प्रयोग मात्र आशादायक आहे. तेथे गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघर जाऊन मनाच्या आजारांविषयी बोलणे, प्राथमिक आधार देणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देणे, असे काम केले. दीड वर्षात उदासीनतेच्या आजाराने ग्रस्त असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ, वऱ्हाडातला माणूस बोलत नाही हे अर्धसत्य आहे. त्याला विचारणारे कोणी असेल आणि ते गावचेच असेल, तर तो बोलतो.

विचारावे कसे? "तुम्हाला टेन्शन आहे काय?" या प्रश्नाला नकारच मिळेल. "रात्री झोप कितीला मोडते?", "जेवण जाते काय?", "पूर्वी पारावर बसत होता, आता का दिसत नाही?" हे प्रश्न शरीराविषयी आणि रोजच्या वागण्याविषयी आहेत, त्यांना उत्तर देण्यात पुरुषाला कमीपणा वाटत नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस चिंता आवरत नसेल, झोप आणि काम दोन्ही बिघडले असतील, तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत: समुपदेशन, आवश्यक तर औषधे, आणि सोबत रक्तदाब-साखरेची तपासणी. "आता जगून काय करू" असे शब्द कानी आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये, आणि घरातील कीटकनाशकाचे डबे त्याच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे. प्रश्न थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरावे आणि तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यावेत असे सांगितले आहे. पोलीस पाटलांनी ही तरतूद अवश्य वाचावी.

उपचाराची ठिकाणे आहेत. तिशीवरील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी गावपातळीवरील आयुष्मान आरोग्य मंदिरात विनामूल्य होते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. तेथवर जाणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी टेली-मानस ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही, बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक पानठेल्यावर, न्हाव्याच्या दुकानात आणि सोसायटीच्या दारावर का लिहिलेला नसावा?

पुरुष दवाखान्यात येत नाहीत, तर दवाखान्याने पुरुषांकडे जावे. बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा माणसे चार-चार तास बसून असतात. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली गावातले झाडून सारे कास्तकार बैलांसह हजर असतात. पंचायतीने आरोग्यसेवकाला कळवून एक टेबल, एक खुर्ची आणि रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र तेथे ठेवावे. रक्तदाब मोजून घेण्यात कोणाला लाज वाटत नाही. दंडाला पट्टा बांधलेला असतो, दोन मिनिटे हलता येत नाही, आणि तेवढ्या वेळात "भाऊ, झोप कशी लागते?" हे विचारून होते. शिक्षकांना तर त्यासाठी बाजारातही जावे लागणार नाही. फीसाठी किंवा दाखल्यासाठी शाळेत आलेला बाप बाकाच्या टोकावर अवघडून बसतो, तेव्हा मुलाच्या गुणपत्रकापूर्वी दोन वाक्ये त्याच्या स्वतःविषयी बोलता येतात.